ग्रिलमध्ये टोमॅटो उभे चढवायचे आहेत (ठाणे, चौथा मजला, दक्षिणेची बाल्कनी)

चौथा_मजला · २६ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. इथले बागकामाचे बरेच धागे चाळले, पण बहुतेकांकडे गच्ची नाहीतर अंगण. माझ्याकडे पाचपाखाडीत चौथ्या मजल्यावर एक बाल्कनी आहे. साडेपाच फूट लांब, अडीच फूट रुंद, पुढे ग्रिल. त्यात वॉशिंग मशीन, नवऱ्याची सायकल (दोन वर्षांत दोनदा चालवलेली) आणि उरलेल्या जागेत मी.

गेल्या फेब्रुवारीत हौसेने टोमॅटोची चार रोपं लावली. अशी फोफावली की समोरच्या फ्लॅटमधली मुलं बघायला यायची. मार्चअखेर पिवळी फुलं लागली, तेव्हा मी पहिलं सार कोणत्या रविवारी करायचं तेही ठरवून टाकलं. आणि मग रोज सकाळी लादीवर फुलं! चुरगळलेली, सुकलेली नाहीत. देठाला मध्ये जो एक बारीक सांधा असतो ना, बरोबर तिथून सुटून पडलेली. एकसुद्धा फळ धरलं नाही. मे महिन्यात वैतागून सगळं उपटलं आणि पिशव्या मशीनमागे ढकलल्या.

आता पुन्हा खाज आली आहे. जागा वाचावी म्हणून यंदा रोपं पसरू न देता दोरीवर सरळ वर चढवायची आहेत. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण ते सगळे थंड देशांतले, काचघरातले. आपल्याकडच्या दमट हवेत कुणी केलंय का? आणि मुख्य म्हणजे फुलं का गळाली?

बोलघेवडा · २६ ऑगस्ट

गावदेवीच्या मंडईत जाऊन किलोभर आणा. फुलं गळत नाहीत, लादी पुसावी लागत नाही.

गोडलिंब · २६ ऑगस्ट

बोलघेवडा, २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेले होते तेव्हा आपण सार चिंचेचं करत होतात की कसं?

ताई, मी कोलबाडची. टोमॅटो माझेही एकदा असेच गेले आहेत, त्यामुळे कारण मलाही ऐकायचंय. वाचनखूण साठवते.

ताटीवाला · २७ ऑगस्ट

मी ऐरोलीत राहतो, गाव जुन्नर तालुक्यात. नारायणगावचा टोमॅटो बाजार म्हणजे आमचं माहेरच. घरी आजही ताटीवरचा टोमॅटो असतो. बांबू, तार, सुतळी. त्यामुळे 'उभा टोमॅटो' ही व्हिडिओवाल्यांची कल्पना नाही, आमच्याकडे पिढ्या त्यात गेल्या.

फुलं गळाली ती उकाड्याने. टोमॅटोला दिवसा पंचविशी-तिशीतलं तापमान आणि रात्री वीसच्या खालीवर असं हवामान मानवतं. दिवसाचं तापमान पस्तिशीकडे गेलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्रीही बावीस-चोविसाच्या खाली उतरेना, की पराग निकामी होतात. परागकण असतात, पण कामाचे नसतात. फळ धरलं नाही की झाड ते फूल सांध्यातून सोडून देतं. तुम्ही पाहिलात तोच सांधा. वर आपल्या खाडीकाठची दमट हवा. तिच्यात पराग चिकट होऊन बाहेरच पडत नाही.

म्हणजे मार्चअखेर ठाण्यात फुलं लागणं म्हणजे लग्नाच्या मांडवात वऱ्हाड निघून गेल्यावर पोचणं. फुलं नोव्हेंबर-डिसेंबरात लागली पाहिजेत. आता उलटं मोजा. रोप लावल्यापासून साधारण महिना-सव्वा महिन्याने फुलं. रोपवाटिकेत २५ ते ३० दिवस. म्हणून बी टाकायचं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पागोळ्यांपासून दूर, आडोशाला. मुंबई-ठाण्यातून पाऊस परततो साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास. तेव्हा रोप मोठ्या पिशवीत. तुम्ही अगदी वेळेवर धागा काढलात.

खारघरचं_ऊन · २७ ऑगस्ट

ताटीवाल्यांशी सहमत, पण उकाडा हे अर्धंच कारण आहे. बाल्कनी दक्षिणेची आहे म्हणालात, म्हणून विचारतो: एप्रिलमध्ये तुमच्या कुंड्यांवर ऊन पडत होतं का?

चौथा_मजला · २७ ऑगस्ट

अं... फेब्रुवारीत अगदी मशीनपर्यंत यायचं. एप्रिलमध्ये? आता आठवतंय, कठड्यावरच असायचं फक्त. मला वाटलं समोरच्या टॉवरमुळे.

खारघरचं_ऊन · २७ ऑगस्ट

टॉवर निर्दोष आहे. 😀

आपण १९ अक्षांशावर. मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो), मग थोडा उत्तरेला जाऊन जुलैच्या शेवटी पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला निघतो. २२ डिसेंबरला दुपारी तो दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. आता वर छज्जा आणि खाली कठडा, मध्ये चार फुटांची उघडी जागा असेल, तर डिसेंबरात दुपारचं ऊन जवळजवळ पावणेचार फूट आत येतं. एप्रिलच्या मध्याला सूर्य ८० अंशांवर. तेव्हा तेच ऊन पाऊण फुटाच्या आत येत नाही.

म्हणजे तुमच्या रोपांना मोठं झाल्यावर, नेमकी फुलांच्या वेळी, सावली मिळाली. टोमॅटोला दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन लागतं. गंमत अशी की टोमॅटोचा आपल्याकडचा हंगाम आणि दक्षिणेच्या खिडकीचा हंगाम एकच आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पूर्वेच्या खिडकीला फक्त सकाळ मिळते, आणि उत्तरेच्या खिडकीवाल्यांनी हिवाळ्यात टोमॅटोचा नाद सोडून पुदिना लावावा. (मी उत्तरेचा. पुदिना उत्तम आहे.)

गोडलिंब · २७ ऑगस्ट

हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. माझी बाल्कनी उत्तरेची. सहा वर्षं बियाणं बदलत बसले मी!

चौथा_मजला · २८ ऑगस्ट

दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे फेब्रुवारीत ऊन बघून भुलले मी. आता दोरीबद्दल सांगा. कुठलं बी घेऊ? किती मोठी पिशवी? ग्रिलमध्येच ठेवू का, म्हणजे ऊन पूर्ण मिळेल?

ताटीवाला · २८ ऑगस्ट

सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसलोय.

टोमॅटोत दोन जाती असतात वागणुकीने. एक झुडपी. कमरेएवढी होते, शेंड्यावर फुलांचा घोस येतो आणि वाढ थांबते. दुसरी वाढतच राहणारी, जिला बियांच्या पाकिटावर 'इनडिटरमिनेट' लिहिलेलं असतं. दोरीवर चढवायला दुसरी हवी. झुडपी जातीचे फुटवे काढून तिला काठीसारखी सरळ करायला गेलात तर आपल्याच हाताने निम्मं पीक काढून टाकाल. पाकिटावर काहीच लिहिलं नसेल तर चेरी टोमॅटो घ्या. त्यातल्या बहुतेक जाती वाढत्या असतात, फळ लहान म्हणून वजन कमी आणि आपल्या हवेत त्याच जास्त नेटाने फळ धरतात. मंडईतल्या टोमॅटोचं बी काढून लावू नका. ते बहुतेक संकरित असतात, पुढची पिढी कुणावर जाईल सांगता येत नाही.

पिशवी बारा बाय बारा इंचांची कमीत कमी. त्यात २२ लिटर माती-खताचं मिश्रण बसतं. एका पिशवीत एकच रोप. हावरटपणा नको.

लावताना रोप खोल गाडा. खालची पानं काढून निम्मं खोड मातीत गेलं तरी चालतं. गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात. वांग्या-मिरचीला असं करू नका, फक्त टोमॅटोला.

मग दोरी. वरच्या गजाला सुतळी बांधायची, खाली रोपाच्या बुडाशी सैल फास. सैल म्हणजे करंगळी आत गेली पाहिजे. खोड जाड होत जातं. नायलॉनची दोरी नको, वाऱ्याने खोडात रुतते. रोप वाढेल तशी ते सुतळीभोवती हलक्या हाताने गुंडाळत जायचं, दर दोन पानांमागे एक वेढा, नेहमी एकाच दिशेने. जिथे घोस येतो तिथे जुन्या सुती ओढणीची पट्टी घेऊन आठाच्या आकड्यासारखी बांधायची. आठाचं एक पोट खोडाभोवती, दुसरं सुतळीभोवती, मधली फुली दोघांच्या मध्ये. म्हणजे खोड सुतळीवर घासत नाही.

आणि बगलफूट. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून जो कोवळा फुटवा येतो तो बोटभर व्हायच्या आत काढायचा. कात्री नको, अंगठा आणि तर्जनीत धरून बाजूला वाकवला की टचकन तुटतो. सकाळी करा. नवीन माणूस इथे फुलांचा घोसच तोडतो. घोस कधीही बेचक्यातून येत नाही, दोन पानांच्या मधल्या सरळ खोडातून येतो. हे एवढं डोळ्यात बसलं की झालं.

बोटं हिरवी-काळी होतील. साबणाने धुतलं की पाणी पिवळंजर्द निघतं. घाबरू नका.

खालचे_शेजारी · २८ ऑगस्ट

ग्रिलमध्ये ठेवू का, या प्रश्नाला उत्तर द्यायला माझ्याइतका लायक माणूस या धाग्यावर नसेल. मी नेरूळला तिसऱ्या मजल्यावर राहतो. चौथ्या मजल्यावर बागप्रेमी आहेत. माझ्या मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर दर सोमवारी गांडूळखताचं नक्षीकाम असायचं. चार वेळा वर जाऊन आलो. पाचव्यांदा त्यांनी मला कढीपत्ता दिला. मला कढीपत्ता नको होता, पांढरा शर्ट हवा होता.

शिवाय वजन. बावीस लिटर ओली माती म्हणजे तीस-पस्तीस किलोचं धूड. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं घातलं तरी वीस-पंचवीस. चार पिशव्या म्हणजे शंभर किलो, त्या चार गंजक्या बोल्टांवर. खालून माणसं जातात हो.

खारघरचं_ऊन · २८ ऑगस्ट

शंभर टक्के अनुमोदन. आणि गरजही नाही. पिशवी आत बाल्कनीच्या लादीवर, वेल बाहेर. ऊन पानांना लागतं, पिशवीला नाही. उलट पिशवी सावलीत राहिली तर मुळं तापत नाहीत. सुतळी पिशवीपासून तिरकी नेऊन ग्रिलच्या वरच्या गजाला बांधा. खाली ताटली ठेवा म्हणजे शर्टही वाचतील.

चौथा_मजला · २९ ऑगस्ट

पिशवी आत, वेल बाहेर! हे मला सुचलंच नसतं. फक्त सायकल हलवावी लागेल. घरी बोलणी सुरू आहेत.

बोलघेवडा · २९ ऑगस्ट

मी इंटरनेटवर पाहिलं की टोमॅटो उलटा लावतात. बाटली टांगायची, बुडातून रोप खाली लोंबतं. जागा शून्य. सुतळी नको, ताटी नको.

ताटीवाला · २९ ऑगस्ट

दोन लिटरच्या बाटलीत टोमॅटोचं मूळ म्हणजे पायमोजात हत्ती. मोठं झाड फळांवर असताना दिवसाला दीड-दोन लिटर पाणी पितं. बाटली दुपारी बाराला सुकलेली असेल. आणि झाडाला उलटं राहायचं नसतं. ते वळून वर जायला बघतं, त्यात खोड मुरगळतं. लावा, फोटो टाका.

भेदरं · ३० ऑगस्ट

मी वर्ध्याची, आता कळव्यात. आमच्याकडे टोमॅटोले भेदरं म्हणतात, म्हणून हे नाव घेतलं. घरच्या वाडीत भेदरं कोणी बांधत नव्हतं, थंडीत जमिनीवरच पसरायचं आणि टोपलंभर निघायचं. इथं तसंच केलं तर खालची पानं सगळी करप्याने गेली. हवा लागत नाही ना. मग वर चढवलं तेव्हा टिकलं. म्हणजे उभं करायचं ते जागेसाठी कमी, वाऱ्यासाठी जास्त, असं माझं मत झालं.

ताटीवाला · ३० ऑगस्ट

लाख बोललात. करप्याचे डाग मातीकडून वर सरकतात. पाणी घालताना चिखल उडतो, खालच्या पानावर बसतो, तिथून सुरुवात. पहिला घोस धरला की त्याच्या खालची पानं हळूहळू काढून टाकायची, मातीपासून वीतभर खोड उघडं ठेवायचं. आणि पाणी बुंध्याशी, पानांवर नाही.

दोन_ग्रॅम · ३१ ऑगस्ट

खताचं कुणीच बोललं नाही म्हणून. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) पाण्यात विरघळणारं, लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, फुलं लागेपर्यंत. नंतर नत्र कमी करून १३:०:४५. मध्ये मध्ये कॅल्शियम नायट्रेट २ ग्रॅम, पण वेगळ्या दिवशी. स्फुरद किंवा सल्फेटवाल्या खतात मिसळलं तर साका बसतो. विषय संपला.

गोडलिंब · ३१ ऑगस्ट

विषय कसला संपतोय. घरात खायला लावतोय तर ही पुडी कशाला? मूठभर गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड दर पंधरा दिवसांनी. आणि जीवामृत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन.

दोन_ग्रॅम · ३१ ऑगस्ट

मुळं मुख्यतः नायट्रेटच पितात ताई, मग ते पेंडीतून येवो की पुडीतून. पेंडीतून हळू येतं एवढाच फरक. बावीस लिटरच्या पिशवीत तेवढ्या हळूपणाला वेळ नसतो.

गोडलिंब · ३१ ऑगस्ट

पुडीने माती मरते. पुढच्या वर्षी त्याच पिशवीत लावून दाखवा.

खालचे_शेजारी · ३१ ऑगस्ट

जीवामृत बाल्कनीत मुरवणार असाल तर कृपया तळमजल्यावर राहायला जा.

चौथा_मजला · १ सप्टेंबर

भांडू नका हो. 🙏 सुरुवातीला मिश्रणात गांडूळखत आणि निंबोळी पेंड घालते, फुलं आल्यावर दोन_ग्रॅम यांची पुडी. सासूबाई गोमूत्राला होकार देतील, पण सोसायटीचे सेक्रेटरी देणार नाहीत.

चौथा_मजला · १९ सप्टेंबर

४ तारखेला बी टाकलं होतं. चेरी सहा बिया, आणि मोठ्या टोमॅटोचं 'अर्का रक्षक' सहा. हे बेंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेचं वाण. पानं आकसवणारा पर्णगुच्छ विषाणू, रोप वाळवणारा मर रोग आणि लवकर येणारा करपा, तिन्हींना दाद देत नाही असं वाचलं. सहाव्या दिवशी माना वर आल्या. बारापैकी नऊ उगवली. पावसाने मात्र उच्छाद मांडलाय, चार दिवस सूर्य नाही. रोपं लांबुडकी होतायत.

ताटीवाला · १९ सप्टेंबर

उजेडासाठी मान लांबवतायत. होऊ दे, लावताना खोल गाडू. रोज दोन मिनिटं शेंड्यांवरून हलका हात फिरवा, खोड दणकट होतं. अर्का रक्षक चांगलं, पण ते चेरीसारखं छताला लागणार नाही. त्याला दोन फांद्या ठेवा.

चौथा_मजला · ११ ऑक्टोबर

काल लावली. तीन पिशव्या: दोन चेरी, एक अर्का रक्षक. चौथी पिशवी सायकलच्या जागेवर होती, तिथे अजून सायकल आहे. उरलेली रोपं वाटली. एक खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिलं. खालचे_शेजारी यांचं वाचून आधीच संबंध सुधारून ठेवावेत म्हटलं.

चौथा_मजला · २ नोव्हेंबर

मदत!! एका चेरीची वरची पानं वाटीसारखी वळून बारीक झाली आहेत, कडा पिवळ्या, रोप खुजं. पान उलटं केलं तर पांढरे ठिपके भुर्रकन उडाले. दिवाळीच्या गडबडीत आठवडाभर लक्षच गेलं नव्हतं.

दोन_ग्रॅम · २ नोव्हेंबर

पांढरी माशी, आणि तिने आणलेला पर्णगुच्छ विषाणू. त्याला औषध नाही. पिशवीत गुंडाळून उपटून टाका, आजच. दुसऱ्यांना वाचवायला पिवळा पुठ्ठा, त्यावर एरंडेल चोपडून पानांच्या उंचीवर टांगा. माशी पिवळ्यावर जाते.

गोडलिंब · २ नोव्हेंबर

यावर मात्र आमचं एकमत. उपटा. बाकीच्यांना नीम तेल ५ मिली लिटरभर पाण्यात, चार थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने. भर उन्हात मारलंत तर पानं जळतील.

भेदरं · २ नोव्हेंबर

घरात कोणी तंबाखू मळत असेल तर त्याला झाडाला हात लावू देऊ नका. तंबाखूतला एक विषाणू टोमॅटोलाही लागतो आणि तो सुक्या तंबाखूतसुद्धा जिवंत राहतो. आमचे मामा तंबाखू मळता मळता भेदरं बांधायचे.

चौथा_मजला · ३ नोव्हेंबर

उपटलं. जीव तुटला. पण वाईट बातमी एवढ्यावर थांबत नाही. त्या घाईत उरलेल्या चेरीला सुतळीवर वेढा द्यायला गेले, आणि शेंडा टक्क करून मोडला. सालीच्या एका पट्टीवर लोंबतोय.

ताटीवाला · ३ नोव्हेंबर

ताई, सकाळी वाकवलंत ना? सकाळी खोड पाण्याने टरारलेलं असतं, काडीसारखं मोडतं. फुटवे सकाळी काढायचे, वेढे दुपारनंतर द्यायचे, तेव्हा खोड जरा मऊ असतं. हे सांगायचं माझं राहिलं, चूक माझी.

आता मोडलेली जागा नीट जुळवा आणि चिकटपट्टीने गुंडाळा, बाजूला आइस्क्रीमची काडी. टोमॅटो सांधतो बऱ्याचदा. नाहीच सांधला तर खालचा एक बगलफूट काढू नका. तोच नवा शेंडा.

बोलघेवडा · ३ नोव्हेंबर

प्लास्टरवर मित्रांनी सह्या करायची पद्धत आहे.

चौथा_मजला · २४ नोव्हेंबर

सांधला! गाठ आली आहे तिथे, पेरूच्या फांदीसारखी. आणि काल पहिला घोस उमलला. आता मला लादी बघायची भीती वाटते. गळू नयेत म्हणून काही करता येतं का?

खारघरचं_ऊन · २४ नोव्हेंबर

टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःला पुरतं, नर-मादी एकाच फुलात. पण पराग एका पिवळ्या नळकांड्याच्या आत असतो, तो हलवल्याशिवाय सुटत नाही. शेतात वारा आणि भुंगे हे काम करतात. भुंगा फुलाला लटकून नुसता थरथरतो. साध्या मधमाशीला ते जमत नाही. चौथ्या मजल्याच्या ग्रिलमध्ये दोघंही कमीच. घरात बॅटरीचा टूथब्रश असेल तर सकाळी दहा ते बाराच्या मध्ये त्याची पाठ घोसाच्या देठाला दोन सेकंद लावा. फुलाला नाही, देठाला.

चौथा_मजला · २५ नोव्हेंबर

केलं. उन्हाची तिरीप घोसावर होती. ब्रश लावला आणि फुलाच्या टोकातून पिवळा धूर निघाल्यासारखं झालं, क्षणभर उन्हात तरंगला आणि गेला. मी ओरडले म्हणून सासूबाई धावत आल्या. मग त्यांनीही दोन फुलं केली. आता रोज सकाळी पूजा झाली की त्या ब्रश घेऊन बाल्कनीत. (ब्रश नवऱ्याचा होता. त्याला नवा आणून दिला.)

चौथा_मजला · २९ डिसेंबर

लादी स्वच्छ! चेरीला चार घोस, ग्रिलच्या वरच्या गजापर्यंत पोचली आहे. अर्का रक्षकला अकरा फळं, पण त्यातल्या तीन फळांना बुडाशी काळा, चपटा, चामड्यासारखा डाग. अळी नाही. कापून पाहिलं.

दोन_ग्रॅम · २९ डिसेंबर

कॅल्शियम फळाच्या बुडापर्यंत पोचत नाहीये. मातीत बहुतेक असतं, पण ते पाण्याबरोबरच वर चढतं. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी बादलीभर, असं झालं की बूड उपाशी. पाणी कसं घालता?

चौथा_मजला · २९ डिसेंबर

पकडलंत. नाताळच्या सुट्टीत तीन दिवस अलिबागला होतो. आल्यावर दोन तांबे जास्त ओतले.

दोन_ग्रॅम · ३० डिसेंबर

तेच. ती तीन काढून टाका, बाकीची ठीक होतील. रोज ठरल्या वेळी, ठरलेलं पाणी. मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा वाळका पाला पसरा.

गोडलिंब · ३० डिसेंबर

अंड्याची टरफलं घाला असं सांगायला आले होते, पण ती कुजायला वर्ष घेतात हे मलाही माहीत आहे. हरले. 😀

चौथा_मजला · १८ जानेवारी

आज सार झालं. घरच्या टोमॅटोचं, अर्धं पातेलं. चेरी तर कुणी स्वयंपाकघरापर्यंत पोचूच देत नाही, बाल्कनीतच संपतात. एक तक्रार: सगळ्यात वरचं, सगळ्यात लाल फळ रोज सकाळी टोचलेलं असतं. बुलबुल. गजावर बसून, मान तिरकी करून, मला बघत खातो.

ताटीवाला · १८ जानेवारी

पूर्ण लाल होईपर्यंत थांबू नका. बुडाकडे गुलाबी छटा आली की काढा, टोपलीत दोन-तीन दिवसांत पिकतात, चव फारशी बदलत नाही. बुलबुलाला कळायच्या आत.

भेदरं · १९ जानेवारी

एखादं राहू द्या त्याच्यासाठी.

चौथा_मजला · ९ मार्च

दोन दिवसांपासून लादीवर पुन्हा फुलं. पण या वेळी कळलं कशामुळे ते! काल रात्री पंखा पाचवर होता. उन्हाची रेघही मशीनवरून सरकत सरकत कठड्याकडे निघाली आहे. दोन्ही वेलांचे शेंडे खुडून टाकले, जी हिरवी फळं आहेत ती मोठी होऊ देते. मोजली, सव्वीस आहेत. सगळी पिकतील असं वाटत नाही.

हिशोब लिहून ठेवला होता. दोन झाडांवरून आजवर पाच किलो शंभर ग्रॅम. पिशव्या, कोकोपीट, खतं, बी मिळून साडेअकराशे रुपये खर्च. बोलघेवडा, तुम्ही काही बोलायच्या आत मीच सांगते, मंडईत स्वस्त पडलं असतं.

बोलघेवडा · ९ मार्च

मी काहीच बोलत नाहीये. चेरीचं बी कुठून घेतलंत तेवढं सांगा.

भेदरं · १० मार्च

हिरव्या भेदराची चटणी करा. फोडी तेलावर झाकण न ठेवता परता, डाग पडू द्या. लसूण, हिरवी मिरची, जिरं, भाजलेले शेंगदाणे, आणि खलबत्त्यात जाडसर. मिक्सर नको. ज्वारीच्या भाकरीबरोबर.

चौथा_मजला · १३ मार्च

केली. खालच्या काकूंनाही दिली. त्यांच्या रोपाला एकवीस फळं आली म्हणे, ते मला आज सांगतायत!

माती उन्हात पसरून वाळवते आहे. त्यात लगेच वांगी-मिरची घेणार नाही, त्यांची रोगराई एकच. आधी गवार लावेन. आणि सप्टेंबरला चार पिशव्या. बोलणी यशस्वी झाली आहेत. एक सायकल विकायची आहे, जवळजवळ नवी, बावीस इंची, गिअरवाली. पाचपाखाडीतून घेऊन जावी लागेल. इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.